नवी पाटी, जुना हिशेब
कमी किमतीच्या टॅब्लेटचा रोजचा वापर : तिरुवल्लिकेणीच्या निमित्ताने

चेन्नई शहरात अण्णा सालै आणि मरिना किनारा यांच्या दरम्यान तिरुवल्लिकेणी नावाचा जुना भाग आहे. ‘तिरु’ म्हणजे पवित्र, ‘अल्ली’ म्हणजे कुमुदिनी आणि ‘केणी’ म्हणजे तळे. पार्थसारथी मंदिरापुढील तळ्यावरून हे नाव पडले आणि इंग्रजांच्या उच्चारात त्याचे ‘ट्रिप्लिकेन’ झाले. मराठी वाचकाला हा भाग अगदीच परका नाही. नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्यांच्या निधनानंतर १९१५ मध्ये या संस्थेचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे आले, ते व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री पूर्वी येथील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. १९०४ मध्ये सुरू झालेली ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी ही भारतातील पहिल्या ग्राहक सहकारी संस्थांपैकी एक. तिच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. संसाराला लागणारी वस्तू रास्त भावात आणि खात्रीने मिळावी, हा या संस्थेमागील विचार आजही जुना झालेला नाही.

याच भागात केंब्रिजला जाण्यापूर्वी श्रीनिवास रामानुजन राहत होते. कागद महाग असल्यामुळे ते पाटीवर गणिते करीत, कोपराने पुसत आणि केवळ निष्कर्ष वहीत उतरवीत. साधन अल्पमोलाचे होते, परंतु त्याच्याकडून नेमके काय काम घ्यावयाचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. इंग्रजीत ‘टॅब्लेट’ या शब्दाचा एक जुना अर्थ पाटी असाच आहे. ही नवी पाटी विकत घेताना आणि वापरताना आपल्याला तिचे काम ठाऊक असते का, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

एका खोलीचा संसार

तिरुवल्लिकेणीत ‘मॅन्शन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनेक इमारती आहेत. एकट्या पुरुषांना मासिक भाड्याने खोल्या देण्याची ही तेथील जुनी पद्धत. विद्यार्थी, नोकरीच्या शोधात आलेले तरुण, फिरते विक्रेते आणि बदलीवर आलेले कर्मचारी यांचा चेन्नईतील पहिला मुक्काम पुष्कळदा येथे पडतो. खोलीत एक खाट, एक टेबल आणि भिंतीवर एक कपाट. तेथे दूरचित्रवाणी संच घेणे म्हणजे पुढच्या बदलीच्या वेळी एक ओझे वाढवणे. मराठी वाहिन्यांसाठी स्वतंत्र छत्री आणि वर्गणी घेणेही एका माणसाला परवडत नाही.

अशा ठिकाणी दहा ते पंधरा हजार रुपयांचा टॅब्लेट तीन कामे एकटा करतो. त्यावर मराठी बातम्या, नाटके आणि चित्रपट पाहता येतात. सकाळची वृत्तपत्रे वाचता येतात. आणि रात्री गावाकडील आईवडिलांचे चेहरे मोबाईलपेक्षा मोठे दिसतात. हा ‘मोठे’पणा मोजूनच पाहावा. साडेसहा इंची मोबाईलच्या लांबट पडद्यावर चित्रपटाच्या नेहमीच्या चौकटीला सुमारे साडेबारा चौरस इंच जागा मिळते. दहा इंची टॅब्लेटवर तीच जागा एकेचाळीस चौरस इंचांच्या आसपास, म्हणजे सव्वातीन पट होते. पावणेनऊ इंचांच्या लहान टॅब्लेटवरही ती जवळपास अडीच पट भरते. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना हा फरक सांगावा लागत नाही.

‘आकाश’चा धडा

स्वस्त टॅब्लेट म्हटले की, आपल्या देशातील एका प्रयोगाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते नवी दिल्लीत ‘आकाश’ या टॅब्लेटचे अनावरण झाले. विद्यार्थ्यांसाठी बनवलेल्या या संचाची शासकीय खरेदीची किंमत सुमारे सव्वादोन हजार रुपये होती आणि त्याची जगभर चर्चा झाली. परंतु त्याचा पडदा बोटाने दाबावा लागणाऱ्या जुन्या पद्धतीचा होता. त्याचा प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा आणि कार्यकारी स्मृती, म्हणजेच रॅम, अवघी २५६ मेगाबाइटची होती. वापरणाऱ्यांच्या तक्रारी आल्या त्या मंद गतीच्या, पडद्याच्या आणि बॅटरीच्या.

पुढे मुंबईच्या आयआयटीकडे हे काम आले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ सादर झाला. त्याचा पडदा हलक्या स्पर्शाने चालणारा, प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा आणि रॅम दुप्पट, म्हणजे ५१२ मेगाबाइटची होती. किंमत फारशी न वाढता यंत्र बरेच सुधारले.

या प्रयोगाचा धडा साधा आहे. स्वस्त वस्तूला एक किमान पातळी असते. त्या पातळीच्या वर प्रत्येक रुपया सोयीसाठी खर्च होतो. तिच्या खाली गेल्यास वाचवलेला रुपयाही वाया जातो. आकडे तेव्हाच्या तुलनेत अनेक पटींनी वाढले असले, तरी हा नियम बदललेला नाही.

घेताना काय पाहावे?

पहिली बाब स्मृतीची. केवळ पाहणे आणि वाचणे यांसाठीही चार गिगाबाइट रॅम आणि चौसष्ट गिगाबाइट साठवण यांपेक्षा कमी घेऊ नये. आजची संकेतस्थळे चित्रे, जाहिराती आणि चलचित्रे यांनी इतकी भरलेली असतात की, कमी रॅमचा टॅब्लेट एक पान उघडताना दुसरे विसरतो. साठवण काठोकाठ भरली की यंत्र आणखी मंदावते, हेही ध्यानात असावे.

दुसरी बाब चित्राच्या परवान्याची. चित्रपट आणि मालिकांची चोरी होऊ नये, म्हणून अँड्रॉइड यंत्रांत ‘वाइडवाइन’ नावाची संरक्षण व्यवस्था असते. तिची ‘एल-वन’ ही वरची पातळी असलेल्या यंत्रावर सशुल्क सेवा उच्च दर्जाचे चित्र पाठवतात. ‘एल-थ्री’ पातळीच्या यंत्राला बहुधा ४८० ओळींच्या साध्या चित्रावर समाधान मानावे लागते, मग पडदा कितीही उत्तम असो. खोक्यावरील ‘फुल एचडी’ ही अक्षरे पडद्याविषयी बोलतात, परवान्याविषयी नव्हे. अर्थात याला एक अपवाद आहे. नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये भारतात केवळ मोबाईल आणि टॅब्लेटसाठी १९९ रुपयांची योजना आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिचा दर १४९ रुपयांवर आणला. या योजनेत चित्रच ४८० ओळींचे मिळते. ज्याला अशीच वर्गणी घ्यावयाची आहे, त्याने ‘एल-वन’साठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

तिसरी आणि बँकेच्या ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब सुरक्षा अद्यतनांची. यंत्राच्या प्रणालीत सापडणारी भगदाडे बुजवण्यासाठी निर्माते वेळोवेळी दुरुस्त्या पाठवतात. स्वस्त संचांना त्या महागड्या संचांपेक्षा पुष्कळदा कमी वर्षे मिळतात. विक्रेत्याला किती वर्षे अद्यतने मिळणार, हे विचारावे आणि ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन शेवटच्या सुरक्षा अद्यतनाची तारीख स्वतः पाहावी. दोन वर्षांपूर्वीची तारीख दिसली, तर तो संच कितीही चकचकीत असला तरी आतून जुना झालेला आहे.

चौथी बाब सिमकार्डाची. वायफायवरच चालणारा संच स्वस्त पडतो आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सहज चालतो. सिमकार्डाचा संच वापरलेला घ्यावयाचा असेल, तर त्याचा आयएमईआय क्रमांक दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर तपासून घ्यावा. चोरीचा संच गळ्यात पडण्याचा धोका त्यामुळे टळतो.

‘बिनव्याजी’ हप्त्याचे गणित

तिरुवल्लिकेणीहून अण्णा सालै ओलांडून गेले की, रिची स्ट्रीट ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची प्रसिद्ध बाजारपेठ लागते. एका बाजूला तेथील घासाघीस आणि दुसऱ्या बाजूला महाजालावरील सवलतींचे महोत्सव, यांत ग्राहक गोंधळून जातो. दोन्हीकडे एक आमिष समान असते, ते म्हणजे बिनव्याजी हप्ता.

एक उदाहरण घेऊ. एका टॅब्लेटची किंमत १२,००० रुपये आहे. दरमहा १,००० रुपयांचे बारा हप्ते, व्याज शून्य. मात्र रोखीने घेणाऱ्याला १,००० रुपयांची सूट आहे, म्हणजे वस्तूचे खरे मोल ११,००० रुपये. या ११,००० रुपयांसाठी बारा महिने १,००० रुपये भरणे म्हणजे वर्षाला सुमारे सोळा टक्के दराने कर्ज घेणे होय. त्यावर प्रक्रिया शुल्क असल्यास ते निराळेच. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याज कोठे तरी दडलेले असते. ते शोधणे हे ग्राहकाचे काम. अकरा हजारांची वस्तू घ्यावयाची असेल, तर अकरा महिने हजार रुपयांची आवर्ती ठेव ठेवून ती रोखीने घेणे अधिक शहाणपणाचे. ज्या टॅब्लेटवाचून अकरा महिने अडले नाही, तो खरोखर हवा आहे किंवा नाही, याचाही निर्णय तोवर आपोआप होतो.

गलका आधी, चेंडू नंतर

तिरुवल्लिकेणीला लागूनच चेपॉकचे एम. ए. चिदंबरम मैदान आहे. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी विश्वचषकातील भारताचा पहिला सामना ऑस्ट्रेलियाविरुद्ध येथेच झाला. एरवीच्या सामन्यांप्रमाणे अशा दिवशी मैदानाजवळ राहणाऱ्या आणि टॅब्लेटवर सामना पाहणाऱ्याला एक गंमत अनुभवता येते. बळी पडल्याचा गलका खिडकीतून आधी ऐकू येतो आणि तो चेंडू पडद्यावर बऱ्याच वेळाने टाकला जातो.

याचे कारण स्ट्रीमिंगच्या पद्धतीत आहे. ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. चित्र मात्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते, निरनिराळ्या दर्जांत साठवले जाते आणि तुकड्यातुकड्याने आपल्याकडे येते. आपले यंत्र दोन-चार तुकडे आधीच जमवून ठेवते, जेणेकरून जोडणी क्षणभर मंदावली तरी चित्र थांबू नये. या सर्वांत वीस-तीस सेकंद सहज जातात. जोडणीचा वेग कमी झाला की यंत्र पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागवते आणि चित्र धूसर होते. म्हणजे चित्र धूसर झाल्यास दोष बहुधा टॅब्लेटचा नसून जोडणीचा असतो. नवा संच घेण्यापूर्वी हे तपासून पाहावे.

डेटाचा हिशेबही यावरूनच मांडता येतो. सेकंदाला एक मेगाबिट या दराने येणारे साधे चित्र तासाभरात सुमारे ४५० मेगाबाइट खर्च करते. तीन मेगाबिटांचे उच्च दर्जाचे चित्र त्याच तासात १.३५ गिगाबाइट घेते. दररोज दीड गिगाबाइट देणाऱ्या मोबाईल योजनेत पहिल्या प्रकारे तीन तासांहून अधिक काळ पाहता येते, तर दुसऱ्या प्रकारे जेमतेम तासभर. आठ-दहा इंचांच्या पडद्यावर बातम्या आणि चर्चा पाहण्यास साधा दर्जा पुरतो. नाटक किंवा क्रिकेट सामना पाहताना तो वाढवावा. बहुतेक सेवांच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ही निवड आपल्या हाती असते.

यंत्र एकदाचे, वर्गणी नेहमीची

अकरा हजारांचा टॅब्लेट चार वर्षे चालला, तर त्याचा वार्षिक खर्च २,७५० रुपये होतो. विजेचा खर्च नगण्य आहे. रोज एकदा पूर्ण भारित केला तरी महिन्याला साधारण एक युनिट. परंतु दरमहा १४९ रुपयांची एक वर्गणी वर्षाला १,७८८ रुपये घेते आणि अशा तीन वर्गण्या ५,३६४ रुपये, म्हणजे यंत्राच्या वार्षिक खर्चाच्या जवळपास दुप्पट. त्यातील एखादी सेवा महिनोन् महिने कोणी उघडतही नाही. पैसे मात्र नेमाने जात राहतात.

या बाबतीत ग्राहकाच्या हाती एक चांगले साधन आहे. कार्डावरून होणाऱ्या आवर्ती देयकांसाठी रिझर्व्ह बँकेने केलेली व्यवस्था १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाली. तीनुसार पहिल्या संमतीच्या वेळी अतिरिक्त पडताळणी करावी लागते आणि पुढील प्रत्येक वेळी पैसे वजा होण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना मिळते. त्या सूचनेवरून तो व्यवहार नाकारता येतो, तसेच दिलेली संमती मागेही घेता येते. हा संदेश जाहिरात समजून पुसून टाकू नये. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि गुढीपाडव्याच्या सुमारास, आपल्या सर्व चालू संमती बँकेच्या ॲपवर किंवा शाखेत तपासाव्यात आणि नको असलेल्या रद्द कराव्यात. एका वेळी एकच वर्गणी, ही मॅन्शनमधील एकट्या माणसाला सहज पाळता येण्याजोगी शिस्त आहे.

शिवाय विनाशुल्क मिळणारे भांडारही लहान नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आकाराला आलेला मराठी विश्वकोश महाजालावर खुला आहे. १९ जून २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय घरबसल्या पाहता येते. ‘स्वयम्’ या शासकीय मंचावरील अभ्यासक्रम पदोन्नतीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुण सहकाऱ्यांनीही पाहावेत. टॅब्लेट केवळ करमणुकीचा डबा ठरू नये, असे वाटत असेल, तर या तिन्ही संकेतस्थळांच्या खुणा ब्राउझरमध्ये आजच करून ठेवाव्यात.

पाहण्याचे यंत्र वेगळे, व्यवहाराचे वेगळे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. टॅब्लेट हा स्वभावतः सर्वांचा असतो. खोलीतला मित्र त्यावर सामना पाहतो, सुट्टीला आलेली मुले खेळ उतरवतात, शेजारी गाणे शोधतो. मॅन्शनमधील सामाईक वायफायचा परवलीचा शब्द मजल्यावरील प्रत्येकाला ठाऊक असतो. त्यात सुरक्षा अद्यतने थांबलेली असतील, तर अशा यंत्रावर खात्याचा परवलीचा शब्द टाकणे म्हणजे तिजोरीची किल्ली दिवाणखान्यात टांगण्यासारखे आहे. म्हणून नियम असा असावा : टॅब्लेटवर पाहावे, वाचावे, बोलावे; पैशाचे व्यवहार अद्ययावत असलेल्या आणि फक्त आपल्याच हाती राहणाऱ्या मोबाईलवर करावेत. यूपीआयची नोंदणी खात्याशी जोडलेल्या सिमकार्डाशी बांधलेली असल्यामुळे केवळ वायफायवर चालणाऱ्या टॅब्लेटवर ती होतही नाही. ही अडचण नसून कुंपण आहे, असे समजावे.

स्वस्त टॅब्लेटवरील फसवणुकीची वाट बहुधा ‘फुकट’ या शब्दापासून सुरू होते. नवा चित्रपट किंवा सामना फुकट दाखवण्याचे आश्वासन देणारी ‘एपीके’ फाइल कोणीतरी पाठवते. ती अधिकृत ॲप भांडाराबाहेरून उतरवून घेताना यंत्र धोक्याची सूचना देते. ती डावलून आपण संमती दिली की, संदेश वाचण्याची आणि पडदा पाहण्याची मुभा त्या ॲपला मिळू शकते. दुसरी वाट मदतीच्या बहाण्याची. वर्गणी बंद पडली आहे, असे सांगून कोणी दूरस्थ नियंत्रणाचे ॲप उतरवण्यास सुचवते. अशा ॲपद्वारे होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. तिसरी वाट बनावट संकेतस्थळाची. शोधयंत्रात बँकेचे नाव टाकून वर येणारा पहिला दुवा आपल्याच बँकेचा असतो, असे नाही. यासाठी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय बँकांकरिता ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता जाहीर केला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर स्थलांतर करण्यास बँकांना सांगितले. भारतीय बँकेच्या पानावर पत्त्याचा शेवट असा आहे ना, हे वाचल्याशिवाय एकही अक्षर भरू नये.

एवढे करूनही काही विपरीत घडलेच, तर लाज किंवा संकोच यांत वेळ दवडू नये. प्रथम आपल्या बँकेला कळवून कार्ड आणि खात्यावरील ऑनलाइन व्यवहार थांबवावेत आणि लगेच १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तेथून तिसऱ्यात फिरवले जातात; त्यामुळे पहिल्या तासात केलेली तक्रार दुसऱ्या दिवशीच्या तक्रारीपेक्षा कितीतरी उपयोगी पडते. शाखांतील सहकाऱ्यांनीही अशा ग्राहकाला आधी दोष न देता आधी त्याचे खाते सुरक्षित करावे. समज देण्यास नंतर वेळ असतो.

खरेदीला निघण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात : हे यंत्र कोण वापरणार, त्यावर काय पाहणार, महिन्याला वर्गणी आणि डेटा मिळून किती खर्च करणार, आणि व्यवहारासाठी कोणते यंत्र राखून ठेवणार. या चार ओळींची उत्तरे तयार असतील, तर दहा-बारा हजारांची पाटी घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला पुरून उरेल. ती तयार नसतील, तर चाळीस हजारांचा संचही महागच पडेल.